नवी आणली की नवी करून आणली? एका घरच्या कुऱ्हाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुनं घर रिकामं करताना माळ्यावर, मोडक्या पेटीच्या मागे, एक कुऱ्हाड सापडली. पातं गंजून तपकिरी झालेलं, दांडा नेढ्याच्या, म्हणजे तो बसतो त्या भोकाच्या, खाली उभा चिरलेला, आणि नेढ्यात वरून खिळे ठोकून पत्र्याचे तुकडे कोंबलेले. घरातला एक तरुण मुलगा ती माझ्याकडे घेऊन आला. मी हत्यारं दुरुस्त करतो. बहुतेक रंधे, पटाश्या आणि करवती येतात, कुऱ्हाडी क्वचित.

घराची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. कुऱ्हाडीबद्दलचे तपशील मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत, कारण सगळे निर्णय त्यांच्यावरच ठरले.

मुलाच्या थोरल्या काकांचं ठाम म्हणणं होतं की ही त्यांच्या आजोबांची, म्हणजे मुलाच्या पणजोबांची कुऱ्हाड. धाकट्या काकांना ते मान्य नव्हतं. त्यांनी लहानपणी घरात ऐकलं होतं की वडिलांनी कुऱ्हाड नवी आणली; मग आजोबांची कुठेतरी हरवली असणार आणि ही नंतरची. दोघं भांडत नव्हते, पण दोघांच्या बोलण्यात ती कुऱ्हाड वेगवेगळ्या माणसाची होती. मुलाला दोन गोष्टी हव्या होत्या: ती कुणाची हे कळावं, आणि ती पुन्हा हातात धरता यावी.

अडचण

माझ्याकडे येण्याआधी मुलाने गंजाखाली काय आहे ते पाहण्यासाठी पात्याच्या एका कोपऱ्यावर हातग्राइंडर फिरवला होता. फार वेळ नाही, काही सेकंदच. पण धारेच्या वरच्या टोकाला लोखंड चकचकीत झालं होतं आणि त्या चकाकीच्या कडेला निळी झाक आली होती.

ती झाक पाहून मला वाईट वाटलं. घासलेल्या पोलादावर तापमानाप्रमाणे रंग चढतात: साधारण २२० अंश सेल्सिअसला वाळल्या गवतासारखा पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. धारेला पाणी देताना पोलाद लाल तापवून विझवतात. त्याने ते कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा काढतात. ही दुसरी तापवणी जितकी वर जाईल तितकं पोलाद मऊ पडतं. निळा रंग दिसला, म्हणजे तेवढ्या कोपऱ्याचं पाणी बरंचसं उतरलं. हे करायला भट्टी लागत नाही, ग्राइंडरची काही सेकंदं पुरतात. जुना दांडा काढायला पातं जाळात टाकणारे लोक तर अख्ख्या धारेचं पाणी घालवून बसतात.

नुकसान झालेलं होतं. आता आणखी होऊ द्यायचं नव्हतं. खरी अडचण अशी की कुऱ्हाड वापरण्याजोगी करण्याचं जवळजवळ प्रत्येक काम तिची ओळख थोडी पुसतं. गंज काढला की त्याखालचा पुसट शिक्का जाऊ शकतो, धार केली की झिजेचा आकार बदलतो, दांडा काढला की तो कसा बसवला होता याचा पुरावा जातो. म्हणून मी मुलाला सांगितलं की पहिले दोन दिवस आपण फक्त बघायचं.

ओळख: आधी नुसतं बघणं

सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग अंधाऱ्या खोलीत बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला. समोरून उजेड पडला की उथळ खुणा बुजतात. आडव्या उजेडात प्रत्येक खळग्याला सावली पडते. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासूनही पाहिलं.

कारखान्याचा शिक्का सापडला असता तर काम सोपं झालं असतं. स्वीडनचा हुल्ट्स ब्रुक हा लोखंडाचा कारखाना १६९७ पासूनचा, अमेरिकेतली कॉलिन्स कंपनी १८२६ ची. अशा कारखान्यांनी काळानुसार शिक्के बदलले, त्यामुळे शिक्क्यावरून निदान कालखंड बांधता येतो. इथे अक्षर नव्हतं, वजनाचा आकडा नव्हता. एका गालावर, म्हणजे पात्याच्या एका सपाट बाजूवर, नेढ्याच्या पुढे, पंच मारल्यासारखे तीन ठिपके एका ओळीत होते. घडवणाऱ्याची खूण असेल, मालकाची असेल. तीन ठिपक्यांवरून यापुढे जाता येत नाही आणि मी गेलो नाही.

घडणीने मात्र बरंच सांगितलं. नेढं गोल होतं. तुंब्याची, म्हणजे धारेच्या उलट बाजूच्या बोथट पाठीची, भिंत पातळ होती, आणि नेढ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून पात्याच्या पोटात जाणारी एक बारीक रेष दिसत होती. लोखंडाची जाड पट्टी गोल सळईभोवती वाकवून, तिच्या दोन्ही पाकळ्या पुढे एकमेकींवर आणून, तापवून घणाने एकजीव केल्या की अशी रेष राहते. साच्यात ठोकून केलेल्या कारखान्याच्या कुऱ्हाडीत नेढं पाडलेलं असतं, वळवलेलं नसतं. ही भट्टीवर हाताने घडलेली होती, एवढं पक्कं झालं.

इथे थोरल्या काकांना लगेच वाटलं की मग ती जुनीच. मला त्यांना थांबवावं लागलं. मऊ लोखंडाच्या अंगाला फक्त धारेपुरतं पोलाद जोडायची पद्धत पोलाद महाग असल्यामुळे पडली. १८५६ मध्ये इंग्रज संशोधक हेन्री बेसेमरने पोलाद करण्याच्या आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर पोलाद स्वस्त होत गेलं, पण छोट्या भट्ट्यांनी जोडाची पद्धत लगेच सोडली नाही. हाती पोलादाचा लहानसा तुकडा आणि बाकी भंगार लोखंड असलेला लोहार पुढेही तेच करत राहिला. घडणीची पद्धत कारागिराबद्दल सांगते, साल सांगत नाही.

निर्णयाची पहिली जागा: खिडकी कुठे उघडायची

पोलाद आणि लोखंड यांचा जोड पाहायचा तर पृष्ठभाग घासून त्यावर सौम्य आम्ल लावावं लागतं. साधा व्हिनेगर चालतो. कार्बन जास्त असलेलं पोलाद काळवंडतं, मऊ लोखंड फिकट राहतं आणि त्यात लाकडाच्या रेषांसारखे धागे दिसतात. पण घासायचं म्हणजे वरचा जुना काळा थर तेवढ्या जागी कायमचा घालवायचा. संपूर्ण पातं घासायला मी तयार नव्हतो.

मग लक्षात आलं की ग्राइंडरने तो थर एका कोपऱ्यात आधीच खाल्ला आहे. तीच माझी आत बघायची खिडकी. चूक झालेल्या जागेचाच उपयोग करून घेतला. कोपऱ्यापासून आत दोन बोटं रुंदीची पट्टी १२०, मग ४००, मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने घासली, स्पिरिटने तेलकटपणा काढला, व्हिनेगरचा बोळा दहा मिनिटं ठेवला, नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून पुसलं.

मला दोन रंग अपेक्षित होते. दिसले तीन. धारेपासून १४ मिलिमीटरपर्यंत गडद काळा, त्यामागे सुमारे ६ मिलिमीटरचा राखाडी पट्टा, आणि त्यामागे फिकट, धागेदार लोखंड.

तीन रंगांचा सरळ अर्थ दोन जोड असा होतो: पहिलं पोलाद झिजत आलं तेव्हा त्याच्या उरलेल्या बुंध्यावर कुणीतरी नवं पोलाद चढवलं. पण दुसराही अर्थ शक्य होता. एकाच पोलादात पाणी दिलेला भाग आणि न दिलेला भाग आम्लात वेगळे दिसतात. पुढची रेष जोडाची नसून पाण्याची हद्द असू शकत होती. पाण्याची हद्द सहसा ढगाळ असते, एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू विरते. ही रेष बारीक आणि धारदार होती, आणि तिच्यावर दोन जागी अडकलेल्या खपलीचे, म्हणजे तापल्या लोखंडावर धरणाऱ्या थराचे, काळे कण होते. तरी मला खात्री हवी होती. मुलाची परवानगी घेऊन दुसऱ्या गालावर एक बोटभर खिडकी उघडली. तिथे हीच रेष धारेपासून १९ मिलिमीटरवर होती. एका बाजूला १४ आणि दुसऱ्या बाजूला १९, म्हणजे जोड तिरका आहे, तिरपे कापून एकावर एक चढवलेले दोन तुकडे. पाण्याची हद्द अशी दोन गालांवर सारखी तिरकी पडणं मला पटत नाही. त्या दुसऱ्या खिडकीने जुना थर आणखी थोडा गेला, पण उत्तर मिळालं.

एक प्रश्न, जो नीट विचारायला हवा होता

हे कळल्यावर मला घरच्यांना विचारायचं होतं की कुऱ्हाडीला कधी नवं पोलाद बसवलं होतं का. पण असं विचारलं की माणूस "हो, असेल" म्हणतो. आठवण नसली तरी सुचवलेली गोष्ट आठवल्यासारखी वाटते. म्हणून मुलाला मी तीन रंगांबद्दल घरी काही बोलू नकोस असं सांगितलं आणि सगळ्यांत थोरल्या आत्यांना फक्त एवढं विचारायला लावलं: घरात कुऱ्हाडीबद्दल काय काय बोललं जायचं?

आत्यांचं उत्तर त्याने लिहून आणलं होतं. "अरे, नवी आणली असं कोण म्हणतं? दादा ती नवी करून आणायचे म्हणून घेऊन गेले होते. चार दिवस घरात कुऱ्हाड नव्हती, लाकडं फोडायची राहिली होती, म्हणून माझ्या लक्षात आहे."

दादा म्हणजे आत्यांचे वडील. नवी आणली. नवी करून आणली. मधला एक शब्द गळला आणि घरात दोन कुऱ्हाडी तयार झाल्या. धाकट्या काकांनी ऐकलं ते चूक नव्हतं. बोलताना "करून" गळून पडलं असावं, किंवा ऐकणारं पोर लहान होतं. झिजलेली धार भट्टीत घालून पुन्हा उभी करून आणणं हे त्या काळी नवी करणंच होतं.

मी निष्कर्ष तीन थरांत लिहून दिला. कुऱ्हाड हाताने घडलेली आहे आणि अंगाचं लोखंड धारेच्या पोलादाहून वेगळं आहे, हे नक्की. तिला एकदा नवं पोलाद चढवलेलं आहे, हे बहुधा, आणि आत्यांच्या आठवणीशी जुळतं. ती पणजोबांचीच आहे हे लोखंड सांगत नाही. घरात एकच कुऱ्हाड होती आणि तीच दुरुस्तीला गेली, हे आत्यांच्या शब्दावर आहे. थोरल्या काकांना हा तिसरा थर आवडला नाही. "तुम्ही सरळ पणजोबांची असं लिहा ना," ते म्हणाले. मी लिहिलं नाही. आत्यांचा शब्द माझ्या कागदापेक्षा मोठा आहे, पण तो आत्यांचा शब्द म्हणूनच नोंदला जायला हवा.

समोर असलेले पर्याय

आता डागडुजी. पहिला पर्याय भिंतीवर टांगण्याचा होता: तेल लावून जशी आहे तशी ठेवायची. दुसरा, मुलाला सुरुवातीला हवा होता तसा, आरशासारखी चकचकीत करायची. तिसरा, हलक्या कामाला वापरता येईल इतकी सुधारायची.

चकचकीत करणं मी पहिल्यांदा बाजूला काढलं. लाल भुसभुशीत गंज लोखंड खात राहतो, तो काढायलाच हवा. त्याखालचा घट्ट काळा थर मात्र बऱ्यापैकी स्थिर असतो आणि तेल धरून ठेवतो. तो घालवला की पातं पुन्हा उघडं पडतं.

व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणं सोपं, पण ते काळा थरही खातं आणि धागेदार लोखंडाच्या रेषा उघड्या पाडतं. विजेने गंज काढायची पद्धत, म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी, बारा व्होल्टचा चार्जर आणि दुसऱ्या टोकाला भंगार लोखंड, चांगली आहे. मोकळ्या हवेत करावी लागते, कारण हायड्रोजन सुटतो. आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ही पद्धत मी गंज खोल गेलेल्या हत्यारांना वापरतो. इथे गंज वरवरचा होता. रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवून, पितळी ब्रश आणि बारीक स्टील वूल, एवढंच ठरवलं.

टांगायची की वापरायची हे मात्र एका तपासणीवर अवलंबून होतं, आणि ती दांडा काढल्याशिवाय होणार नव्हती.

निर्णयाची दुसरी जागा: नेढ्यातली रेष

दांडा नेढ्याखाली कापला, आतल्या लाकडात ड्रिलने भोकं पाडली, खिळे पक्कडीने ओढले, उरलेलं लाकूड ठोकून बाहेर काढलं.

नेढं मोजलं तेव्हा जुन्या दांड्याचं कोडं सुटलं. वरच्या तोंडाला व्यास ३८ मिलिमीटर, खालच्या तोंडाला ३४. हे नेढं टिकावासारखं आहे. दांडा वरून ओवायचा, त्याचं जाड टोक वर अडकतं, आणि प्रत्येक घावाबरोबर पातं त्या जाड टोकावर आणखी घट्ट बसतं. पाचर लागत नाही. ज्याने शेवटचा दांडा बसवला त्याने तो खालून घातला होता. खालच्या ३४ मधून जाणारं लाकूड वर ३८ मध्ये सैल पडणारच. चार मिलिमीटरची फट त्याने खिळ्यांनी आणि पत्र्याने भरली. पातं कधी तरी सुटून उडालं असतं.

मग भेगांची तपासणी. पातं स्वच्छ करून रॉकेलमध्ये ठेवलं, बाहेर काढून कोरडं पुसलं आणि नेढ्याभोवती खडूची पूड चोळली. भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेष उमटते. तेल आणि खडूची ही तपासणी रेल्वेच्या कारखान्यांत वाफेच्या इंजिनांच्या काळापासून होत आली आहे.

पंधरा मिनिटांत रेष उमटली. नेढ्याच्या पुढच्या कोपऱ्यात, जिथे दोन पाकळ्या एकत्र येतात तिथे, खालच्या ओठाला नऊ मिलिमीटर.

इथे मी एक दिवस काम थांबवलं. जोडच सुटत असेल तर कुऱ्हाड भिंतीवर जाईल, हे मी मुलाला सांगून टाकलं. त्याने विचारलं की वेल्डिंग का नाही. विजेचं वेल्डिंग त्या जागी एकदम प्रचंड उष्णता ओततं. असं जुनं लोखंड आत मळीचे धागे धरून असतं, टाका वरून छान दिसतो आणि बाजूला नवी भेग तयार होते. शिवाय उष्णता धारेकडे सरकली तर उरलेलं पाणीही गेलं.

पण प्रत्येक रेष भेग नसते. घडवताना लोखंडाची घडी वरच्या वर दबून राहिली तरी तिच्यात रॉकेल शिरतं. ओळखायचा एकच मार्ग म्हणजे रेषेच्या मागे जाणं. बारीक गोल कानसीने रेषेवर अगदी उथळ खाच घेतली आणि पुन्हा रॉकेल-खडू. रेष लहान झाली. पुन्हा थोडी खाच. साधारण एक मिलिमीटर खोलीवर ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तपासणी दोनदा केली, काही उमटलं नाही. वरच्या वरची घडी होती.

म्हणून तिसरा पर्याय, अटींसह: फक्त हलकं लाकूड, तुंब्याने कधीही काही ठोकायचं नाही, आणि दर हंगामात दांडा काढून हीच तपासणी.

काय केलं

तुंब्याची कडा ठोकून ठोकून छत्रीसारखी बाहेर आली होती. पट्टी वाकवून केलेल्या कुऱ्हाडीचा तुंबा पातळ असतो, त्याने पाचरी ठोकल्या की नेढंच दबतं. इथे ते मागून किंचित चपटं झालेलंही होतं. बाहेर आलेल्या कडांची टवकी उडून डोळ्यात जाऊ शकतात, तेवढ्या कानसीने घेतल्या. बाकी दबलेला आकार राहू दिला. तो त्या घरातल्या कामाचा आकार आहे.

निळ्या कोपऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. कानस फिरवून मऊ भाग मोजला. नीट पाणी दिलेल्या धारेवर चांगली कानस जेमतेम चावते. मऊ जागी ती लोण्यासारखी उतरते. मऊ जागा धारेच्या लांबीत १२ मिलिमीटर आणि आत ४ मिलिमीटर होती. लोहाराकडून पुन्हा पाणी देता आलं असतं, पण पोलाद कोणतं हे माहीत नाही, दोन जुने जोड पुन्हा लाल तापवायचे आणि विझवायचे, एखादा उघडला तर सगळंच गेलं. अख्खी धार चार मिलिमीटर मागे नेली असती तर चौदातलं जवळजवळ एक तृतीयांश पोलाद एका दिवसात संपलं असतं. मी कोपरा तसाच ठेवला, फक्त किंचित गोल केला. तिथली धार लवकर बसेल. काही वर्षांच्या धार लावण्याने ती जागा आपोआप झिजून कठीण पोलाद वर येईल.

धार हाताच्या कानसीने, मग पाणी घालून दगडावर. दोन्ही गाल मिळून साधारण ३५ अंशांचा कोन, कडेला थोडा फुगवटा ठेवून, म्हणजे पातं लाकडात रुतून बसत नाही.

दांड्यावर चर्चा झाली. घरच्यांना जुन्या दांड्याची नक्कल हवी होती. त्याच्या मुठीच्या टोकाला हात सुटू नये म्हणून बोंड होतं. पण वरून ओवायचा दांडा अख्खा ३४ मिलिमीटरच्या तोंडातून जायला हवा, बोंड जाणार नाही. बोंड ठेवायचं तर दांडा खालून घालून वर पाचर मारावी लागली असती. तसं करता येतं, पण मारलेली पाचर काढून तपासणी करायची म्हणजे दर वेळी दांड्याचं टोक खराब करायचं. ओवलेला दांडा मात्र दोन ठोक्यांत निघतो. तपासणी सोपी असली तरच होते, म्हणून मी ओवण्याचा आग्रह धरला. बोंड गेलं. जुन्या दांड्याची लांबी आणि मुठीजवळची अंडाकृती जाडी मात्र मोजून नव्यात उतरवली.

लाकूड धक्का पचवणारं लागतं. युरोपात ॲश, अमेरिकेत हिकरी, आपल्याकडे धामण ही दांड्याची लाकडं त्याच गुणामुळे मानली जातात. मला सुकलेली धामण मिळाली. जातीइतकंच महत्त्व धाग्याला आहे: धागा टोकापासून टोकापर्यंत सलग जायला हवा. मध्येच बाजूला निघून गेला की दांडा तिथेच मोडतो. लाकूड ओलं असताना बसवलं तर सुकल्यावर सैल होतं. आणि सैल दांडा घट्ट करायला कुऱ्हाड पाण्यात ठेवायची सवय तर अगदी सोडावी. लाकूड फुगतं, लोखंडाच्या भिंतीवर त्याचे धागे चेपले जातात, आणि सुकल्यावर ते पहिल्यापेक्षा बारीक होतं.

शेवटी दांड्याला जवसाचं तेल, पातळ, तीनदा. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकल्या नाहीत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या चिंधीला आपोआप आग लागू शकते. सगळ्या चिंध्या दगडावर पसरून सुकवल्या.

परिणाम

कुऱ्हाड परत गेली तेव्हा पातं काळं होतं, धारेला दोन बोटं रुपेरी. मुलगा क्षणभर हिरमुसला, त्याच्या डोळ्यांसमोर आरसा होता. मग त्याने त्या छोट्या खिडकीतले तीन रंग काकांना दाखवले आणि कोणता पट्टा कोणाच्या काळातला असावा हे समजावू लागला. धाकटे काका बराच वेळ त्या राखाडी पट्ट्यावर बोट ठेवून बसले होते.

पहिल्या हंगामानंतर मुलाने दांडा काढून रॉकेल-खडूची तपासणी स्वतः केली आणि फोटो पाठवला. रेष उमटलेली नव्हती. निळा कोपरा अपेक्षेप्रमाणे बोथट झाला होता. जुना दांडा त्यांनी ठेवला आहे, त्याला चिठ्ठी बांधली आहे: कुठून कापला, नेढ्यात कसा होता, आणि आत्यांचं वाक्य, तिच्याच शब्दांत.

आज पुन्हा केलं तर

दुसरी खिडकी उघडण्याआधी मी आत्यांना विचारायला लावलं असतं. तिचं उत्तर आधी आलं असतं तर कदाचित दुसऱ्या गालाचा थर वाचला असता. उलट बाजूने असंही आहे की तिचं उत्तर आधी ऐकून मी दुसरी खिडकी उघडलीच नसती, आणि ढगाळ रेषेचा प्रश्न तसाच राहिला असता. यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

हलक्या वापराची परवानगी मी पुन्हा दिली असती का? दिली असती, पण अटी तोंडी न सांगता पहिल्याच दिवशी लिहून. तुंब्याने ठोकू नये हे घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं, एकट्या मुलाला कळून पुरत नाही.

आणि एक चूक सरळ माझी. नेढ्यातून ड्रिलने काढलेलं लाकूड मी झाडून टाकलं. खिळे आणि पत्रा ठेवला, लाकूड नाही. त्या भुशात नेढ्याच्या भिंतीला चिकटलेले काही गडद तुकडे होते, बाकीच्या लाकडाहून वेगळे, बहुधा त्याआधीच्या, नीट वरून ओवलेल्या दांड्याचे. धारदार पात्याने आडवा काप घेऊन दहापट भिंगाखाली छिद्रांची मांडणी पाहिली असती तर निदान लाकडाची जात कळली असती. मी ते तुकडे पाहिले होते, आणि झाडू हातात होता.